दहा वर्षांचा सलग अनुभव

"जाहिरात ही संस्थेची जन्मपत्रिका असते, टेंभेकर. तिच्यात एक अक्षर चुकलं तर पुढच्या पिढ्या भोगतात," असं म्हणून कुलसचिव गव्हाणेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या मसुद्यातला 'मुद्रितशोधक' हा शब्द खोडून 'मुद्रीतशोधक' असा केला.

मी तो शब्द तसाच राहू दिला. त्या काळी मी एका कृषी विद्यापीठात आस्थापना शाखेचा अधीक्षक होतो. नेमणुका, रजा, बढत्या आणि चौकश्या यांचे सगळे कागद माझ्या टेबलावरून पुढे जात. कुलसचिवांची वेलांटी दुरुस्त करणं त्या कामात बसत नव्हतं. विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. निवृत्तिवेतन अजून तिथूनच येतं.

खोलीत तिसरे होते ते विधी अधिकारी बोरीकर वकील. हे गृहस्थ उमेदीच्या काळात एक खटला हरले होते आणि तेव्हापासून प्रत्येक कागदात तोच खटला पुन्हा दबा धरून बसलाय अशा नजरेने वाचत. त्यांचा आवडता शब्द 'मोघम'. घरी बायकोने "लवकर या" म्हटलं तरी ते "मोघम आहे" म्हणत असावेत.

प्रश्न एका जागेचा होता. प्रकाशन विभागातला मुद्रितशोधक. विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढायचं, कोणत्या पिकाला काय फवारावं, किती फवारावं, कधी फवारावं. छापण्याआधी त्यातलं अक्षर न् अक्षर वाचणारा एक माणूस लागतो. ती जागा तेरा वर्षं रिकामी होती आणि तेरा वर्षं ते काम घोलपबाई करत होत्या. जागा रिकामी आणि काम चालू, हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आत आम्ही त्याला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणत असू.

व्यवस्था अशी की बाईंना एकोणतीस दिवसांची नेमणूक द्यायची. तिसाव्या दिवशी 'तांत्रिक खंड'. एकतिसाव्या दिवशी पुन्हा एकोणतीस दिवसांची नवी नेमणूक. का, तर बाईंनी पुढेमागे कोर्टात जाऊन "मी कायम आहे" असं म्हणू नये. हे आदेश माझ्या सहीने निघत. खंडाच्या दिवशी बाई कार्यालयात नसत. म्हणजे कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून मुद्रितं वाचत, कारण छापखाना खंड पाळत नसे.

त्यांचं काम कसं होतं ते एकाच गोष्टीवरून सांगतो. एकदा कपाशीच्या पत्रकात 'दहा लिटर पाण्यात पंधरा मिली' याच्या जागी एक शून्य जास्तीचं पडून दीडशे मिली झालं होतं. पत्रक तीन तज्ज्ञांच्या सह्या होऊन आलेलं. बाईंनी छापखाना थांबवला. पंचवीस हजार प्रती निघाल्या असत्या तर दोन तालुक्यांतली कपाशी उभी जळाली असती. त्याबद्दल बाईंना एक पत्र गेलं. छपाईला दीड दिवस उशीर का झाला, याचा खुलासा मागणारं.

आता शासनाने जागा भरायला परवानगी दिली होती. वयाची अट पंचेचाळीस. बाईंना मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि हा ऑक्टोबर होता. म्हणजे ही एकच जाहिरात. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की जाहिरात अशी बेतायची, की ती अंगाला बसेल अशी महाराष्ट्रात एकच व्यक्ती निघाली पाहिजे.

"शैक्षणिक अर्हता, एम.ए. मराठी," मी वाचलं.

"आणि शेतकीची पदविका," गव्हाणेसाहेब म्हणाले. "मागच्या त्या गृहस्थाने काय केलं आठवतंय ना? 'कपाशीवर मावा पडल्यास' याचं 'मावा सांडल्यास' केलं. किडीची माहिती द्यायची तर लोक विचारायला लागले, कुठल्या हलवायाचा."

"दोन्ही असलेला माणूस मिळणं कठीण आहे साहेब," मी अगदी गंभीरपणे म्हणालो. घोलपबाईंकडे दोन्ही होतं. वडील रोपवाटिकेत माळी, म्हणून आधी शेतकीची पदविका. आणि वाचनाचं वेड, म्हणून मग बाहेरून एम.ए.

"कठीण असलेलंच बरं," बोरीकर म्हणाले. "कमी अर्ज, कमी खटले."

"छापखाना नऊ किलोमीटरवर आहे," गव्हाणेसाहेब म्हणाले. "ड्रायव्हर रजेवर गेला की मुद्रितं पडून राहतात. दुचाकीचा परवाना घाला."

घातला. बाईंना स्कूटर येत नव्हती, पण शिकता येईल असं मी मनात म्हटलं.

"आणि पोहणं," बोरीकर म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मागचे ते मुद्रितशोधक शेततळ्याच्या उद्घाटनाला गेले आणि तळ्यात पडले. ते कर्तव्यावर असताना पडले की कर्तव्याबाहेर, यावर चौकशी दोन वर्षं चालली. त्यांना पोहता येत असतं तर मुद्दाच उपस्थित झाला नसता."

"शेततळ्यात कमरेएवढं पाणी होतं," मी म्हणालो.

"कंबर कुणाची ते कुठे नमूद आहे?"

मी 'पोहता येणे इष्ट' असं लिहिलं.

"इष्ट मोघम आहे. आवश्यक करा. आणि प्रमाणपत्र जोडावे असं म्हणा."

गव्हाणेसाहेबांनी मान डोलावली. ते वाईट नव्हते. खुर्ची सोडताना आपल्यावर एकही कागद उलटू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. वाईट माणसाशी भांडता येतं. सावध माणसाशी काय भांडणार? तो आधीच हात वर करून उभा असतो.

शेवटी अनुभवाचं कलम आलं. ते मी जपून आणलं होतं. 'कृषिविषयक मराठी प्रकाशनांच्या मुद्रितशोधनाचा किमान दहा वर्षांचा अनुभव.' असा अनुभव असलेलं दुसरं माणूस असणं शक्यच नव्हतं.

बोरीकरांनी ते दोनदा वाचलं. "मोघम आहे. कुणी दोन वर्षं इथली, तीन तिथली, मध्ये चार वर्षं किराणा दुकान, अशी दहा गोळा करून आणील. मग तुम्ही काय करणार?"

हे कलम ढिलं पडलं तर कुणाचाही मेहुणा आत घुसेल. आणि तेव्हा मला सुचलं. मला शब्द पटकन सुचतात. शाळेत त्याबद्दल बक्षिसं मिळाली आहेत.

"'सलग' घालू या," मी म्हणालो. "किमान दहा वर्षांचा सलग अनुभव."

बोरीकर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "वा. आता पक्कं झालं."

"शाब्बास, टेंभेकर," गव्हाणेसाहेब म्हणाले.

मी घरी जाताना पेढे घेतले. बायकोला सांगितलं, एका बाईचं आयुष्य आज मार्गी लावून आलो.

चार दिवसांनी छापखान्यातून जाहिरातीचं मुद्रित आलं. विद्यापीठाचा कुठलाही मजकूर घोलपबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचा नाही असा नियम होता, आणि त्यांच्याच जागेच्या जाहिरातीला तो लागू नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ती वाचून माझ्याकडे आणून दिली. उंच, सावळ्या, केस मागे घट्ट बांधलेले, कानावर पेन्सिल. कधी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही.

'मुद्रीतशोधक' त्यांनी 'मुद्रितशोधक' केलं होतं. ती दुरुस्ती मी गव्हाणेसाहेबांना न विचारता मंजूर केली. माझ्या धैर्याची मर्यादा साधारण तेवढी होती. आणखी दोन स्वल्पविराम होते. आणि अनुभवाच्या कलमाशेजारी, समासात, पेन्सिलीने एक लहानसं प्रश्नचिन्ह. त्यातून निघालेली बारीक रेघ 'सलग' या शब्दापाशी थांबली होती.

"हे काय, बाई?"

"शंका आहे."

"सलगमध्ये काय शंका? काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. इतका निरुपद्रवी शब्द मराठीत दुसरा सापडायचा नाही."

"शब्द बरोबर लिहिलाय साहेब."

"मग?"

त्यांनी पेन्सिल कानावर नीट खोचली. "शंका समासात लिहायची एवढंच आमचं काम. मजकूर ज्याचा, निर्णय त्याचा."

मला घाई होती. शिवाय तो शब्द माझा होता आणि शाबासकी मिळालेला होता. मी खोडरबर घेतलं, प्रश्नचिन्ह पुसलं आणि शेजारी 'बरोबर आहे, तसेच ठेवावे' असं लिहून सही केली. बाईंनी सही पाहिली, मान हलवली आणि कागद घेऊन गेल्या. जाताना दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही बघितलंय ना साहेब नीट?"

"बाई, तुम्ही फक्त अर्ज करा," मी म्हणालो. आणि डोळा मारला नाही एवढंच.

पुढचा महिनाभर बाईंनी जे केलं ते चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने करायचं काम नव्हतं. सकाळी सहाला शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन कवायतीच्या मैदानावर. परिवहन कार्यालयात जमिनीवर आखलेला आठचा आकडा काढताना त्या दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा आठ निघाला. अर्ज द्यायला आल्या तेव्हा गुडघ्याला पट्टी होती आणि हातात परवाना होता.

"पोहण्याचं काय केलंत?" मी विचारलं.

"पोहायला येतंच. माहेरी विहिरीत शिकले. पण विहीर प्रमाणपत्र देत नाही ना."

"मग?"

"गावी जाऊन आले. सरपंच म्हणाले, बघितल्याशिवाय लिहून देणार नाही. मग काय, पदर खोचून उडी मारली. निम्मं गाव काठावर. आमच्या वहिनी म्हणत होत्या, ताई, या वयात कुठली परीक्षा देताय?" एवढं सांगून त्यांनी कागद पुढे केला. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याखाली लिहिलं होतं, 'सदर महिला विहिरीत पोहताना व स्वतःहून बाहेर येताना मी समक्ष पाहिली आहे.'

आम्ही दोघंही हसलो. तेरा वर्षांत त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. हसताना त्या बऱ्याच लहान दिसत.

छाननी डिसेंबरात झाली. तीच खोली, तेच तिघे. एक्केचाळीस अर्ज आले होते. बोरीकर एकेक उचलत आणि बाजूला ठेवत. कुणाकडे पदविका नाही, कुणाकडे परवाना नाही. एका उमेदवाराकडे बरंच काही होतं, पण पोहता येत नव्हतं. त्याने तसं प्रामाणिकपणे लिहून पुढे 'शिकण्याची तयारी आहे' असंही म्हटलं होतं.

"तयारी मोघम आहे," बोरीकर म्हणाले.

चाळीस अपात्र झाले. मी निवांत खुर्चीला टेकलो. बाईंचा नेमणुकीचा आदेश माझ्या खणात टाइप होऊन पडला होता. फक्त तारीख घालायची होती.

"एक्केचाळीस. घोलप." बोरीकरांनी पदवी पाहिली, पदविका पाहिली, परवाना उजेडात धरून पाहिला. सरपंचाचं पत्र दोनदा वाचलं. "सरपंच हे सक्षम प्राधिकारी आहेत का?"

"विहीर ग्रामपंचायतीची आहे," मी म्हणालो.

"मग आहेत. अनुभव?"

"तेरा वर्षं. इथेच. आपल्याच छपराखाली."

"तेरा वर्षं आहेत, मान्य. सलग कुठे आहेत?"

मला प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही. बोरीकरांनी बाईंची फाइल उघडली. ती माझ्याच कपाटातून मागवलेली होती. ते सावकाश वाचायला लागले. "एक जून ते एकोणतीस जून. तीस जून खंड. एक जुलै ते एकोणतीस जुलै. तीस जुलै खंड. एकतीस जुलै ते अठ्ठावीस ऑगस्ट. एकोणतीस ऑगस्ट खंड. असे एकशे अठ्ठावन्न आदेश आहेत, टेंभेकर. प्रत्येकावर तुमची सही आहे. या बाईंचा सलग अनुभव एकोणतीस दिवसांचा आहे. अट दहा वर्षांची आहे."

पंखा फिरत होता. समासातलं प्रश्नचिन्ह माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी ते कुठल्या हाताने पुसलं होतं तेही आठवलं.

"खंड आपण देतो, बोरीकर. बाई मागत नाहीत."

"कोण देतं हा छाननीचा विषय नाही."

"पण त्या खंडाच्या दिवशीही काम करतात. त्या समोरच्या बाकावर. तुम्ही स्वतः जाताना त्यांना पाहिलंय. तुमची मागची नोटीस त्यांनी खंडाच्याच दिवशी वाचून दिली होती."

"त्याची नोंद आहे?"

नोंद नव्हती. ठेवायची नाही असं मीच सांगितलं होतं. खंडाच्या दिवशी काम केल्याची नोंद झाली की खंड उरत नाही.

"तो शब्द खोडा," मी म्हणालो. "शुद्धिपत्रक काढा."

"मुदत संपल्यावर अट बदलता येत नाही. कुणी कोर्टात गेलं तर?"

"कोण जाणार? चाळीसच्या चाळीस तुम्ही अपात्र केलेत."

"अपात्रच जातात. पात्रांना कुठे वेळ असतो."

मी गव्हाणेसाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "शब्द कुणाचा होता हो तो?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

त्यानंतर मी आवाज चढवला. एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मी म्हणालो की दर तिसाव्या दिवशी ज्या बाईचा धागा आपण स्वतः कापतो तिच्याकडेच अखंड धागा मागतो, ही सावधगिरी नाही, हा हलकटपणा आहे. कमरेएवढ्या पाण्यासाठी एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला आपण गावासमोर विहिरीत उडी मारायला लावली. उडी मारल्यावर आता सांगतो, की तुमची तेरा वर्षं म्हणजे एकोणतीस दिवस. एक शून्य जास्त पडलं तर दोन तालुके जळतात, हे ज्या बाईला कळतं ती आपल्याला नको. कुणी आपल्याला कोर्टात ओढू नये एवढ्यासाठी आपण ही जाहिरात काढली. काम करायला माणूस हवा म्हणून काढलेलीच नाही. मग पेपरात सरळ 'कुणीही येऊ नये' असं छापायचं होतं, अक्षरं कमी लागली असती.

"झालं?" गव्हाणेसाहेबांनी विचारलं. "बसा. पाणी घ्या."

मी बसलो. पाणी घेतलं. मग बोरीकरांनी निकालाचा कागद लिहिला. 'पात्र उमेदवार: निरंक.' तिघांच्या सह्या लागत होत्या. पहिली त्यांनी केली, दुसरी गव्हाणेसाहेबांनी.

तिसरी मी केली. हे सांगितलंच पाहिजे. एवढं सगळं बोलून झाल्यावर मी पेन उघडलं आणि रोज करतो तशी सही केली, खाली दोन टिंबं देऊन.

बाईंची खोली म्हणजे पत्रकांच्या गोदामाचा एक कोपरा, मध्ये प्लायवुडचा आडोसा. हळद लागवडीचं मुद्रित त्यांच्यापुढे होतं. मी आडोशापाशी उभा राहिलो. त्यांनी ओळ पूर्ण केली, बोट तिथेच ठेवलं आणि वर पाहिलं.

"जमलं नाही, बाई."

"सलग?"

मला बसायला हवं होतं पण तिथे दुसरी खुर्ची नव्हती. "तुम्हाला माहीत होतं?"

"समासात लिहिलं होतं ना."

"मला वाटलं तुम्ही शुद्धलेखनाबद्दल म्हणताय."

"शुद्धलेखनाची चूक असती तर मीच दुरुस्त केली असती. प्रश्नचिन्ह अर्थासाठी असतं, साहेब."

"मग तोंडाने का नाही सांगितलं? एक वाक्य. मी काढला असता तो शब्द तिथल्या तिथे."

"जागा माझी, जाहिरात माझ्या जागेची, आणि मीच म्हणू, एवढा शब्द काढा? उद्या कुणी म्हणालं असतं, वाचायला दिलं तर बाईंनी स्वतःच्या सोयीचं करून घेतलं." त्यांनी पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. "आणि तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. मी दारात पुन्हा विचारलं. माझे आदेश तुम्हीच काढता. माझ्यापेक्षा माझे खंड तुम्हाला जास्त माहीत. मला वाटलं, साहेबांनी त्याची काहीतरी सोय बघून ठेवली असणार. म्हणून तर गेले विहिरीवर."

मी शेजारच्या पत्रकांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"एकच दिवस असतो, म्हणून मी कधी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण बोट हळदीच्या ओळीवरून हललं होतं, आणि हे मी तेरा वर्षांत पाहिलं नव्हतं. "महिन्यातला एक दिवस. घरी सांगत पण नव्हते. डबा घेऊन यायचे, बाकावर बसायचे. त्या एका दिवसाने बाकीचे एकोणतीस पण पुसले जातात, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही तिथे बसून करत काय होतात?"

शब्द पटकन सुचतात म्हणालो होतो, ते मागे घेतो.

रविवारचा अख्खा दिवस मी कुलगुरूंना टिप्पणी लिहीत बसलो. इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता आणि पुढेही आला नाही. सहा पानं झाली. त्यात पोहण्यापासून सरपंचापर्यंत सगळं होतं. एकशे अठ्ठावन्न आदेश मी काढले आणि 'सलग' हा शब्दही मीच घातला, हेही लिहिलं. घोलपबाईंना नेमणूक मिळणार नसेल तर मला अधीक्षक म्हणून राहण्याची इच्छा नाही, असं शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या टिप्पणीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. कुलगुरूंनी समासात 'पाहिले' असं लिहिलं. माझी बदली बियाणे गोदामावर झाली. पुढच्या वर्षी तीच जाहिरात पुन्हा निघाली, पोहण्यासकट, आणि पुन्हा निरंक झाली. तोवर बाईंना पंचेचाळीस पूर्ण झाली होती. त्या एकोणतीस-एकोणतीस दिवस करत आणखी आठ वर्षं राहिल्या. आदेशांवर दुसऱ्या अधीक्षकाची सही असे, एवढाच फरक.

पण ते नंतर. सोमवारी सकाळी, टिप्पणी वर पाठवण्याआधी, मी ती घेऊन गोदामात गेलो. "बाई, हे एकदा वाचा," म्हणालो. मनात काय होतं ते कबूल करतो. वाचून त्यांचे डोळे भरून येतील आणि माझी त्या एका शब्दातून सुटका होईल, असं मला वाटत होतं.

त्यांनी सहाही पानं वाचली. मुद्रित वाचतात तशीच, ओळीवर बोट ठेवून. कुठे थांबल्या नाहीत, कुठे मान हलवली नाही. पानं एकसारखी केली, कडा टेबलावर आपटून जुळवल्या.

"कशी झालीय?"

"चांगली आहे. जोरात आहे."

"पाठवू?"

"पाठवा की." मग म्हणाल्या, "एक विनंती होती, साहेब."

"बोला बाई. काय म्हणाल ते. कुलगुरूंच्या दारात जाऊन बसायचं असलं तरी बसतो."

"तसं नाही. यात माझं नाव सात ठिकाणी आलंय. सातही ठिकाणी तुम्ही 'इंदूमती' लिहिलंय, दू दीर्घ. आदेशांत पण तेरा वर्षं तसंच येतं. पण आदेश काही माझ्याकडे वाचायला येत नाहीत, म्हणून खूण करता येत नव्हती. हे तुम्ही स्वतः वाचायला दिलंत म्हणून सांगते." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे केली. "तेवढा ऱ्हस्व करता का?"